दर सोमवारी बॅटरी बसते? नवी घेण्याआधी म्युझिक सिस्टीमची लाल तार तपासा

शुक्रवारी संध्याकाळी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली, शनिवार-रविवार हलवली नाही, आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट करायचं, आठवडाभर गाडी बरी चालते, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. या तक्रारीवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे नवी बॅटरी. ती बसवली की काही दिवस बरं वाटतं, कारण ती पूर्ण भरलेली असते. पण गाडीत कुठेतरी करंट जातोच आहे आणि तो नव्या बॅटरीलाही हळूहळू मारतो. बाहेरून अँड्रॉइड स्क्रीन, स्टिरिओ, अँप (अँप्लिफायर) किंवा वूफर बसवल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर चार-पाच हजार खर्च करण्याआधी थोडं मोजमाप करा. दोष बहुतेक वेळा दोन तारांच्या एका जोडात सापडतो.

आधी हिशोब बघू, कारण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. बंद केलेली, लॉक केलेली गाडीसुद्धा थोडा करंट घेत असतेच. घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, अलार्म, कंट्रोल युनिटची मेमरी हे सगळं धरून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तरी दिवसाला १.२ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) जातात. लहान हॅचबॅकची बॅटरी ३५ एएचच्या आसपास असते, म्हणजे निरोगी गाडी दोन आठवडे उभी राहिली तर बॅटरी निम्म्यावर येते आणि तरीही सेल्फ लागतो. आता हाच करंट अर्धा अँपिअर झाला तर? दिवसाला १२ एएच. दीड दिवसात बॅटरी निम्मी, तिसऱ्या दिवशी रिकामी. आठवड्याच्या मधल्या वारी रोज गाडी निघते म्हणून भरपाई होत राहते आणि दोष झाकला जातो. शनिवार-रविवारी तो उघडा पडतो. त्यामुळे ‘फक्त सोमवारीच होतं’ ही तक्रार ऐकली की मला बॅटरीपेक्षा लीकेजचा, म्हणजे बंद गाडीत करंट झिरपण्याचा, संशय आधी येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बॅटरीच्या दुकानात टेस्टर लावून ‘बॅटरी खराब आहे’ असं सांगतात ते खोटं नसतं. शिशाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी झाली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची साठवण कायमची घटते. पाच-सहा वेळा तळाला गेलेली बॅटरी खरोखरच खराब झालेली असू शकते. पण ती खराब झाली हा परिणाम आहे. कारण शोधलं नाही तर पुढची बॅटरीही याच वाटेने जाणार.

म्हणून पहिलं काम बॅटरीला दोषमुक्त किंवा दोषी ठरवणं. चार्जरवर ती पूर्ण भरून घ्या, निगेटिव्ह टर्मिनल सोडवून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपलेली. तार सोडलेली असतानाही सकाळी १२.३ वर आली असेल तर बॅटरीच आतून गेली आहे, ती बदला. मग इंजिन चालू करून टर्मिनलवर पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. नव्या गाड्यांमध्ये स्मार्ट चार्जिंग असतं, तिथे हा आकडा वर-खाली होतो, त्याने घाबरू नका. टर्मिनल सोडण्याआधी एक खबरदारी: काही गाड्यांच्या कंपनीच्या स्टिरिओला चोरीविरोधी कोड असतो आणि बॅटरी सुटली की तो मागितला जातो. गाडीच्या कागदपत्रांत तो कोड आहे का ते आधी बघून ठेवा.

मीटर घरात नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. शुक्रवारी रात्री म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढून ठेवा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर रेडिओ किंवा ऑडिओ असं लिहिलेलं असतं. अँप असेल तर त्याची जाड तार थेट बॅटरीपासून निघते आणि बॅटरीजवळच तिच्यावर वेगळा फ्यूज असतो, तोही काढा. बऱ्याच गाड्यांमध्ये ऑडिओची मेमरी आणि आतला दिवा एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे दिवा लागला नाही तर गोंधळू नका. सोमवारी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली की दिशा पक्की झाली.

तरीही मोजणं उत्तम. डिजिटल मल्टिमीटर पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो, पण त्याला १० अँपिअरचं वेगळं भोक हवं आणि तो डीसी करंट मोजणारा हवा. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा) घेणार असाल तर डीसीचाच आहे याची खात्री करून घ्या. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि गाडीवर ते शून्यच दाखवतात. ते शून्य बघून ‘लीकेज नाही’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीचं उदाहरण देतो, कारण त्यात सगळे धडे एकत्र होते. कोथरूडहून रोज हिंजवडीला जाणारी हॅचबॅक. मुलाने हौसेने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि ड्रायव्हरच्या सीटखाली बसणारा चपटा वूफर लावून घेतला होता. त्यानंतर बॅटरी बदलून झाली होती, आणि सोमवारची कटकट थोड्याच दिवसांत परत सुरू झाली होती. काकांचं म्हणणं, ‘‘अरे, स्क्रीन तर बंद असते, काळी ठिक्कर. ती काय करंट खाणार?’’ मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, उद्या सकाळी गाडी उघडल्या उघडल्या, किल्ली न लावता, सीटखालच्या वूफरला हात लावून बघा.’’ सकाळी त्यांचा फोन आला. वूफरची पत्र्याची बॉडी कोमट होती, शेजारची सीटची पट्टी मात्र गार. रात्रभर बंद असलेल्या गाडीत एखादी वस्तू कोमट राहते म्हणजे तिच्यात रात्रभर करंट फिरतो आहे.

त्याच रात्री मीटर लावला. पद्धत सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. बॉनेट उघडलं. फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचावा म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा उघडाच ठेवला, पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला दरवाजा लागला आहे असं वाटतं. (काम झाल्यावर बाहेरचं हँडल ओढून लॅच परत उघडायचं, मगच दरवाजा लावायचा. नाहीतर लॅच आणि पट्टी दोन्ही ठोकली जातात.) किल्ली घरात ठेवून आलो. कीलेस गाडी असेल तर हे आवश्यकच आहे, कारण किल्ली जवळ असली की गाडी जागी राहते. मग १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनलचा नट सैल केला. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, सिलेक्टर डीसी अँपिअरवर, एक टोक निगेटिव्ह तारेच्या क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला धरून ठेवलं आणि मगच क्लॅम्प वर उचलला. असं केलं की गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही आणि सगळी युनिट नव्याने जागी होत नाहीत. मीटर असा मधोमध जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, मीटर जागीच जळतो.

जोडल्याबरोबर मीटरवर दोन अँपिअरच्या वर आकडा दिसला. बहुतेक जण इथेच ओरडतात, ‘‘सापडलं, मोठं लीकेज आहे!’’ आणि एकेक फ्यूज उपटायला लागतात. हा आकडा खरा नसतो. गाडी बंद केल्यावर तिची कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. काही पाच-दहा मिनिटांत झोपतात, काही गाड्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. तोपर्यंत करंट पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जातो. गॅरेजमध्ये हा दोष सापडत नाही याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तिथे पाऊण तास नुसतं उभं राहायला कोणाला वेळ नसतो. हे काम घरच्या पार्किंगमध्ये, जेवणं उरकल्यावर, निवांतपणे करण्याचं आहे. गाडी झोपेपर्यंत थांबायचं, मगच दिसेल तो आकडा खरा मानायचा.

काकांच्या गाडीत आकडा उतरत उतरत ०.४२ अँपिअरवर स्थिरावला. ४२० मिलिअँपिअर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ धरले साठ तास, म्हणजे जवळपास २५ एएच. ३५ च्या बॅटरीत उरलं काय? तेही ती शुक्रवारी पूर्ण भरलेली होती असं धरून, आणि रहदारीत कधी पहिल्या, कधी दुसऱ्या गिअरवर चालणारी गाडी बॅटरी पूर्ण भरतेच असं नाही.

वूफरच्या तारेवरचा फ्यूज काढला, आकडा ०.१७ झाला. ऑडिओचा फ्यूज काढला, ०.०३ वर आला आणि तिथेच थांबला. तीस मिलिअँपिअर म्हणजे निरोगी गाडी. बाकी काही शोधायची गरज उरली नाही.

एक सूचना. काही गाड्यांमध्ये फ्यूज काढला किंवा परत घातला की युनिट पुन्हा जागी होतात आणि परत थांबत बसावं लागतं. त्यामुळे काढलेला फ्यूज तपास संपेपर्यंत परत घालू नका. याहून सफाईदार पद्धत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजणं. फ्यूजमधून करंट जात असेल तर तिथे बारीकसा फरक दिसतो. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर साधारण १३० मिलिअँपिअर जात आहेत असं समजा. शून्य दिसलं तर त्या फांदीवर कोणी जागं नाही.

आता मूळ दोष. बाहेरच्या स्टिरिओच्या कप्लरमध्ये (तारा जोडायच्या प्लगमध्ये) बऱ्याच तारा असल्या तरी आपल्या कामाच्या चारच आहेत. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची तार, मेमरी आणि मुख्य पुरवठा तिच्यातून. काळी म्हणजे अर्थिंगची, निगेटिव्ह तार. लाल म्हणजे एसीसी, किल्ली फिरवली की तिच्यात १२ व्होल्ट यायला हवेत आणि किल्ली काढली की जायला हवेत. आणि निळी-पांढरी म्हणजे अँपला ‘उठ’ सांगणारी रिमोट तार. स्टिरिओला झोपायचं कधी हे फक्त लाल तार सांगते.

काकांच्या गाडीत ही लाल तार पिवळीला पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. फिटरला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘साहेब, गाडीत एसीसी सापडत नव्हता, म्हणून डायरेक्ट दिलंय. बटण दाबलं की बंद होतं ना?’’ बटणाने स्क्रीन काळी होते, पण आतला बोर्ड जागाच राहतो. बोर्ड जागा म्हणून निळ्या-पांढऱ्या तारेत १२ व्होल्ट, आणि त्यामुळे सीटखालचा वूफर रात्रभर हुकमाची वाट बघत तापलेला. एका जोडामुळे दोन उपकरणं रात्रभर जागी. स्वतः तपासायचं असेल तर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने अँपच्या कप्लरमध्ये निळ्या-पांढऱ्या तारेवर व्होल्टेज बघा. शून्याच्या जवळ हवं. १२ दिसले तर अँप जागा आहे, मग स्क्रीन कितीही काळी असो.

फिटरवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. कित्येक नव्या गाड्यांमध्ये स्टिरिओच्या कप्लरला एसीसीची वेगळी तार खरोखरच नसते. किल्ली फिरल्याचा निरोप कॅनबसवरून, म्हणजे गाडीची युनिट एकमेकांशी बोलतात त्या डेटाच्या तारांवरून, येतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक मॉडेलांत असंच आहे, आणि त्यांच्या जुन्या गाड्यांत कप्लरमधल्या लाल-पिवळ्याच्या जागाही उलट असतात. तार चुकीची लागली की स्टिरिओ दरवेळी सेटिंग विसरतो. हे सेटिंग विसरणं टाळण्यासाठीच मग ‘डायरेक्ट’ दिलं जातं. गिऱ्हाईक खूश, आणि बॅटरीचा प्रश्न दोन महिन्यांनी येतो तेव्हा त्याचा म्युझिक सिस्टीमशी संबंध कोणी लावत नाही.

उपाय दोन. गाडी कॅनबसवाली असेल तर त्या मॉडेलचा कॅनबस बॉक्स घ्या, तो निरोप ओळखून लाल तारेला १२ व्होल्ट देतो. मात्र हलक्या दर्जाचा बॉक्स घेतला तर तो स्वतःच झोपत नाही, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजणं आलंच. दुसरा उपाय म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये किल्लीबरोबर चालू-बंद होणारा एखादा फ्यूज शोधायचा. पुढच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज अनेक गाड्यांत असा असतो, मीटरने खात्री करून घ्या. त्यात फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची एक तार काढून देणारा जोड) बसवून लाल तारेला छोट्या फ्यूजमधून पुरवठा द्यायचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. फ्यूज टॅप नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून मिळतो, फार खर्चाचा नाही. काकांच्या गाडीला हाच उपाय केला. लाल-पिवळीचा जोड सोडवला, उघडी टोकं हीट श्रिंकने (तापवली की आवळणाऱ्या नळीने) झाकली, लाल तार टॅपवर आणली. पुन्हा मोजलं तेव्हा झोपलेल्या गाडीचा आकडा ०.०४ होता. जास्तीचे दहा मिलिअँपिअर स्क्रीनच्या मेमरीचे आणि ते रास्त आहेत.

लाल तार बरोबर असूनही अँड्रॉइड स्क्रीन करंट घेत असेल तर तिची सेटिंग बघा. किल्ली काढल्यावर पूर्ण बंद व्हायचं की झोपेत राहायचं, आणि किती वेळाने, हे त्यात ठरवता येतं. झोपेत ठेवली की सकाळी दोन सेकंदांत चालू होते, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. रोज चालणाऱ्या गाडीला ते परवडतं. आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीला लगेच पूर्ण बंद हाच पर्याय ठेवा. सुरू व्हायला अर्धा मिनिट लागेल, लागू दे.

बरेच जण यावर बॅटरीच्या टर्मिनलला कट-ऑफ स्विच लावायला सांगतात. मला तो उपाय पटत नाही. घड्याळ, काचांच्या ऑटोची आठवण, अलार्म सगळं रोज जातं, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. पिळलेला, टेप लावलेला जोड डॅशबोर्डमागे तसाच असतो. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ती सुटते आणि उघडी तार पत्र्याला लागली तर प्रश्न बॅटरीपुरता राहत नाही. महिनाभर परगावी जाणार असाल तेव्हा टर्मिनल सोडून ठेवणं वेगळं, ते जरूर करा.

स्टिरिओ कंपनीचाच असेल आणि तरी ऑडिओच्या फ्यूजवर करंट दिसत असेल, तर वॉरंटीतल्या गाडीची वायरिंग स्वतः उघडू नका. मीटरच्या आकड्याचा फोटो, तो किती मिनिटांनंतरचा आहे आणि कोणता फ्यूज काढल्यावर उतरतो हे लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. युनिट अडकून न झोपणं हे सॉफ्टवेअर अपडेटने सुटू शकतं. ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगितलंत तर ते बॅटरी चार्ज करून गाडी परत देतील. आकडा दिलात तर त्यांना पुढे बघावंच लागतं.

ऑडिओ आणि अँप दोन्हींचे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर म्युझिक सिस्टीमचा दोष नाही. मग कायमच्या पुरवठ्यावर जोडलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडी तपासायच्या प्लगमध्ये) विसरलेला डोंगल, डिकीचा न विझणारा दिवा, आणि शेवटी अल्टरनेटरचा डायोड या क्रमाने बघा. डिकीच्या दिव्यासाठी फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवायचा आणि डिकी लावायची, लगेच कळतं.

नवी सिस्टीम बसवून घेणार असाल तर दुकानात गाडी देतानाच सांगा की गाडीच्या मूळ तारा कापायच्या नाहीत, त्या मॉडेलचा कप्लर वापरायचा, आणि लाल तारेला एसीसी कुठून घेतला ते दाखवायचं. ‘डायरेक्ट’ हा शब्द ऐकलात तर तिथेच थांबवा. पैसे देण्याआधी किल्ली काढून, गाडी लॉक करून, अर्ध्या तासात चहा घेऊन या आणि त्यांच्याच मीटरने निळ्या-पांढऱ्या तारेवरचं व्होल्टेज दाखवायला लावा.